फेझला जायची तयारी

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर पुढचं विमान उशिरानं सुटणार होतं, म्हणून मी बाहेर पडले. ऑफिसच्या कामासाठी मेलबर्नला निघाले होते. खांद्याला लॅपटॉप, पायांत नवे, चावणारे बूट. कुठेतरी कॉफी प्यावी आणि खुर्चीत पाय पसरावेत एवढाच बेत होता. पण पाय बसस्टॉपकडे वळले, समोर आमच्या जुन्या वस्तीची, टॅम्पिनीसची बस आली आणि मी तिच्यात चढलेसुद्धा.

आमच्या इमारतीला नवा रंग दिलाय. तेव्हा ती फिकट पिवळी होती, आता करडी आणि लाल आहे. खालचा मोकळा मजला मात्र तसाच. मलाय लग्नांचे मांडव तिथेच पडायचे आणि कुणी चिनी म्हातारं माणूस गेलं की झांजाही तिथेच वाजायच्या. थंड फरशी, दगडी टेबलं, टेबलांखाली मांजरं. लिफ्ट आता आमच्या मजल्यावर थांबते. आमच्या वेळी थांबत नसे. एक मजला वर उतरायचं आणि जिन्यानं खाली यायचं. त्या जिन्यावरची बाबांची पावलं ऐकून आई आणि मी संध्याकाळ कशी जाणार ते ओळखायचो. सावकाश, एकसारखी पावलं असली की आई चहाचं आधण ठेवायची. दोन-दोन पायऱ्या एकदम उतरल्याचा आवाज आला की ती गॅस बंद करायची. उकळतं काही हाताशी नको, म्हणून.

त्या जिन्यावर मी परवा उभी राहिले. सिमेंटला तोच वास होता, ओलसर, थोडा फिनाइलचा. आमच्या जुन्या दारासमोर कुणाच्या तरी लहान मुलांच्या चपला होत्या, गुलाबी. आतून कार्टूनचा आवाज येत होता. आणि मला आठवलं ते फेझ.

फेझ मी पाहिलेलं नाही. पण त्या शहराच्या निळ्या वेशीतून आत शिरलं की पहिली मोठी गल्ली कुठे फुटते, तांबटांचा चौक कुठे आहे, रंगाऱ्यांच्या आळीत पाणी कुठल्या बाजूनं वाहतं, हे मला अजून झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. टॅम्पिनीसच्या त्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर, रविवारच्या रविवार, बाबांनी ते शहर माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं.

मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होते. बाबा जुरोंग आयलंडवर एका रिफायनरीत पायपिंग इंजिनिअर होते. उजाडायच्या आधी कंपनीची बस त्यांना घेऊन जायची, शहराच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला. परत यायचे तेव्हा अंगाला गंधक, ग्रीस आणि उन्हात तापलेल्या हेल्मेटचा वास असायचा. आई पुण्यात शाळेत मराठी शिकवायची, ते सगळं सोडून ती इथे आली होती. आमचे दोघींचे इथे राहायचे पास बाबांच्या पासला बांधलेले. त्यांची नोकरी आहे तोवर ते इथे, आणि ते ठेवतील तोवर आम्ही. हे वाक्य बाबा अधूनमधून म्हणायचे, पेपर वाचता वाचता, अगदी शांतपणे.

फेझ आमच्या घरात आणलं इद्रिसनं. तो मोरोक्कोचा, बाबांच्याच प्लांटवर काही महिन्यांच्या कामासाठी आलेला. एका शनिवारी जेवायला आला तो हातात पुदिन्याची एवढी मोठी जुडी घेऊन. मार्केटमधून आणली होती त्यानं. आईची परवानगी काढून तो स्वयंपाकघरात शिरला, चहाच्या पातेल्यात पुदिना आणि भरपूर साखर टाकली आणि मग हात डोक्याच्या वर नेऊन उंचावरून काचेच्या पेल्यांत चहा ओतला. एक थेंब सांडला नाही. आई लहान मुलीसारखी बघत राहिली.

जेवताना तो त्याच्या गावाबद्दल बोलत होता. नऊ हजार गल्ल्या आहेत म्हणतात, पण मोजल्यात कुणी, असं म्हणून हसला. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून चामड्यांनी लादलेलं गाढव आलं की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. गाढवामागचा माणूस ओरडतो, "बालाक! बालाक!", म्हणजे बाजूला व्हा. चामडी कमावायचे हौद, त्यांची ती घाण. वर गच्चीवरून बघायला जाणाऱ्यांना दारातच पुदिन्याची काडी देतात, नाकाशी धरायला. त्याच्या आईच्या घराच्या मधल्या चौकात संत्र्याचं झाड आहे. शुक्रवारी ती वाफेवर कुसकुस शिजवते आणि येईल त्याला वाढते.

"डिसेंबरात या," तो म्हणाला. "हॉटेल नाही, आमच्याच घरी उतरायचं. माझी आई वाट बघेल."

बाबांचे डोळे चमकत होते. इतके देखणे मी त्यांना क्वचित पाहिले होते.

"जायचंच," ते मराठीत म्हणाले, आईकडे बघून. "सुधा, या डिसेंबरात फेझ."

दुसऱ्या रविवारी त्यांनी टेबल पुसून कोरडं केलं आणि ऑफिसातून आणलेला मोठा कागद पसरला. पायपिंगची ड्रॉइंग करतात तसं त्यांनी ते शहर काढायला घेतलं. जाड रेघ म्हणजे मोठी गल्ली, बारीक रेघ म्हणजे बोळ, बाण म्हणजे उतार. रंगीत पेन्सिलींना टोक करायचं काम माझं. लाकडाच्या त्या सालींचा वास, त्यांच्या मनगटावरचं घड्याळ, त्यांचा मऊ झालेला आवाज.

"वेशीतून आत. डावीकडे काय?"

"खाटीक."

"शाबास. पुढे?"

"मेंदीचा बाजार. मग उजवीकडे तांबट."

"तांबटांचा आवाज आला की?"

"आपण बरोबर वाटेवर आहोत."

मग ते माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. जड, उबदार हात. त्या हाताखाली मी मान खाली घालून बसायचे आणि तो उचलला जाऊ नये असं वाटायचं. हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण पुढचं सांगताना हे हरवून जातं. त्या टेबलावर मी फार सुखी होते.

इद्रिस पुन्हा एकदा आला तेव्हा बाबांनी त्याला नकाशा दाखवला. तो बघत राहिला, मग म्हणाला, "फारच सुंदर आहे. पण फेझमध्ये हरवायचं असतं, दोस्त. हरवला नाहीत तर पाहिलं काय?"

आई हसली. मोकळं, खळखळून. बाबाही हसले. त्यांच्या हातातला पेला मात्र त्यांनी इतका घट्ट धरला होता की नखं पांढरी झाली होती. ती मला दिसली. आईलाही दिसली असणार, कारण तिचं हसू मध्येच तुटलं.

कारणं मी सांगत बसणार नाही. कारणं होती की नव्हती हे मला तेव्हाही कळलं नाही. मला आवाज आठवतात. थप्पड मारल्याचा आवाज सिनेमात असतो तसा नसतो. तो बोथट असतो, पोळपाटावर कणकेचा गोळा आपटावा तसा. डोकं फ्रिजच्या दारावर आदळलं की आतल्या बाटल्या एकमेकींवर किणकिणतात, आणि माणूस गप्प झाल्यावरही त्या थोडा वेळ किणकिणत राहतात. बाथरूमच्या दारावर लाथ बसली की आधी कडी ओरडते, मग लाकूड. आई ओरडत नसे. तिच्या तोंडून फक्त श्वास बाहेर पडल्याचा आवाज यायचा, "ह", एवढाच.

आणि दुसऱ्या दिवशी फेझ थोडं जवळ यायचं.

बाबांनी कधी माफी मागितली नाही. पहिल्यांदा आईचा ओठ फुटला, त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी ते शहराच्या फोटोंचं जाड पुस्तक घेऊन आले. तिच्या मांडीवर उघडून म्हणाले, "हे बघ सुधा, निळी वेस." आई सुजलेल्या ओठानं म्हणाली, "हो, छान आहे." बाथरूमचं दार मोडलं, त्यानंतर इद्रिसच्या आईकडे राहायचं पक्कं झालं. केस धरून फ्रिजवर डोकं आपटलं, त्यानंतर कॅसाब्लांकाहून फेझला जायची रेल्वे ठरली. खिडकीतून काय दिसेल हेही बाबांनी वाचून काढलं होतं: ऑलिव्हची झाडं, मेंढ्या, लाल माती. शहर एकेक पाऊल आमच्याकडे येत होतं आणि प्रत्येक पाऊल आईच्या अंगावर पडत होतं.

त्या वर्षी समुद्रापलीकडच्या पेटलेल्या जंगलांचा धूर फार आला. सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसायचा आणि शाळेत मास्क वाटायचे. घराघरांतून खिडक्या लावलेल्या. आमच्याही. बंद घरात जळक्या पानांचा वास, आईच्या पाठीवर मी चोळायचे त्या हिरव्या औषधी तेलाचा वास, आणि भिंतीपलीकडून मकचिकच्या मिरच्यांचा. मकचिक म्हणजे मलायत मावशी. शेजारच्या घरात ती आणि तिची मुलगी राहायच्या. बुटकी, रुंद, फुलाफुलांचा सैल मलाय झगा घातलेली बाई, गुडघ्यांनी अधू. रोज दुपारी दगडी खलात ती मिरच्या आणि वाळवलेली कोळंबी कुटायची. धप, धप, धप. आमच्या घरात काही सुरू झालं की ते कुटणं थांबायचं. भिंतीपलीकडे कुणीतरी श्वास रोखून उभं आहे हे मला कळायचं.

एका रविवारी दुपारी बाबांनी आईची वेणी मनगटाभोवती गुंडाळली होती. ते तिला हॉलमधून आतल्या खोलीकडे ओढत नेत होते, तिचे गुडघे फरशीवर घसटत होते. मी टेबलाला धरून उभी होते. तेवढ्यात बाहेरच्या लोखंडी गेटवर कुणीतरी वाटी वाजवली.

"हॅलो! सॉल्ट फिनिश लाह! कॅन बॉरो?"

बाबांनी वेणी सोडली. शर्ट सारखा केला. दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा इतका हसरा होता की मलाच क्षणभर वाटलं, आपण काही भलतंच पाहिलं.

"शुअर, शुअर, मकचिक!" त्यांनी स्वतः आत जाऊन वाटी काठोकाठ भरून आणली.

मकचिकनं वाटी घेतली, पण ती हलली नाही. बाबांच्या खांद्याच्या बाजूनं तिनं आत बघितलं. आई फरशीवरून उठत होती. मकचिक म्हणाली, "टुमॉरो आय ब्रिंग बॅक." आणि मग आईकडेच बघत पुन्हा, सावकाश, "टुमॉरो."

दुसऱ्या दिवशी बाबा कामावर असताना ती खरोखरच मीठ घेऊन आली. दोघी स्वयंपाकघरात बसल्या. आईचं इंग्रजी शाळेतलं, मकचिकचं बाजारातलं. तरी त्या बराच वेळ बोलल्या, असं आईनं पुढे सांगितलं. मी शाळेतून आले तेव्हा आई एकटीच ओट्याशी उभी होती.

"तिच्या घरी मिठाच्या बरण्या भरलेल्या आहेत," आई म्हणाली.

त्यानंतर मीठ संपायचं थांबलंच नाही. कधी मीठ, कधी कांदा, कधी काडेपेटी. गेटवर वाटी वाजायची आणि बाबा हसत दार उघडायचे.

मनगट मोडलं तो दिवस लख्ख उजेडाचा होता. धूर ओसरला होता, खिडक्या पुन्हा उघडल्या होत्या, समोरच्या इमारतीवर बांबूंवर कपडे वाळत होते. टेबलावर नकाशा. पूर्ण झालेला. बाबा म्हणाले, आज आईची परीक्षा. तिनं वेशीवर बोट ठेवलं आणि गल्लीगल्लीनं निघाली. मेंदीचा बाजार, तांबट. मग कुठे वळली कोण जाणे, तिचं बोट कागदावर भलत्याच बोळात गेलं.

"नाही," बाबा म्हणाले. "पुन्हा."

ती पुन्हा निघाली. पुन्हा तिथेच वळली. मान वर न करता म्हणाली, "चुकलं वाटतं."

त्यांनी तो हात उचलला. आधी नकाशावरून बाजूला ठेवावा तसा हळूच. मग उलटा पिरगळला आणि टेबलाच्या कडेवर खाली दाबला. पूर्ण वजन टाकून. कपडे वाळवायचा बांबू पिचतो तसा आवाज आला. त्या दिवशी आई ओरडली. समोरच्या इमारतीत कपडे काढणारी एक बाई थांबून बघू लागली, आणि बाबांनी जाऊन खिडकी लावली.

दवाखान्यात बाबा म्हणाले, बाथरूममध्ये घसरली. डॉक्टर तरुण चिनी मुलगी होती. तिनं आईला विचारलं, "इज इट?" आईनं बाबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली, हो.

दुसऱ्या संध्याकाळी जिन्यावर सावकाश, एकसारखी पावलं वाजली. बाबा आले, बॅग उघडली आणि तिकिटं टेबलावर ठेवली. सिंगापूर ते दोहा, दोहा ते कॅसाब्लांका. तिघांची नावं छापलेली.

आई प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसली होती. ती तिकिटांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "छान झालं. तिथे थंडी असेल ना हो डिसेंबरात?"

त्या दिवसापासून आई बदलली. इतके महिने ती नुसती हो-हो करत होती. आता तीच रोज फेझबद्दल बोलायला लागली. स्वेटर कुठले घ्यायचे, इद्रिसच्या आईसाठी काय न्यायचं, शाकाहारी माणसानं तिथे काय खायचं. बाबा खूश. ते आईला "राणी" म्हणायला लागले. मला आई कळेनाशी झाली होती. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, पासपोर्ट बघायला हवेत ना एकदा? व्हिसाला द्यायचे तर मुदत किती उरलीय कोण जाणे." आमचे पासपोर्ट बाबांच्या कपाटातल्या कुलपाच्या खणात असायचे, आणि किल्ली त्यांच्या ऑफिसच्या पासाच्या दोरीत. त्यांनी उठून खण उघडला. तीन निळ्या वह्या टेबलावर आल्या. आईनं डाव्या हातानं पानं उलटली, "आहे बाई भरपूर मुदत," म्हणाली आणि त्या परत दिल्या. किल्ली फिरल्याचा आवाज मी ऐकला. आई वाटाणे सोलत राहिली. तिचा चेहरा वर्गाकडे पाठ करून फळ्याशी उभ्या असलेल्या बाईंसारखा झाला होता, सगळं ऐकणारा.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ती बॅग भरत होती. प्लास्टर निघालं होतं, मनगट अजून बारीक आणि फिकट दिसत होतं. स्वेटरांच्या खाली तिनं माझी शाळेची सर्टिफिकेटं ठेवली, जन्माचा दाखला, तिच्या बीएडची गुंडाळी.

"फेझला कशाला हे?"

ती घड्या घालत राहिली. "पिल्लू," ती म्हणाली, "उद्या मी उभी राहीन तिथेच माझ्याजवळ उभी राहा. काही झालं तरी मला सोडू नकोस."

सकाळचं विमान होतं. मकचिक निरोप द्यायला विमानतळावर आली, मुलीला घेऊन. हातात करंज्यांचा डबा, बटाट्याच्या, आईसाठी खास. बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्याकडे कुणी हजला निघालं तरी सगळी इमारत विमानतळावर जायची. चेक-इनच्या रांगेत बाबा दोन्ही मोठ्या बॅगा उचलायला वाकले. आई म्हणाली, "द्या, पासपोर्ट मी धरते." त्यांनी दिले. त्यांचे दोन्ही हात बॅगांत गुंतलेले होते.

आईनं एक पासपोर्ट काढून काउंटरवर ठेवला. त्यांचा. दोन छातीशी धरले.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "आम्ही येत नाही. आम्ही पुण्याला चाललोय. मुंबईचं विमान आहे दुपारचं."

बाबा हसले. खरंच हसले, एखाद्या मुलानं अजब काही बोलावं तसे. "चल, रांग अडलीय."

"नाही."

मग ते तिच्या अंगावर आले. घरात खिडक्या लावून जे चालायचं ते तिथे, त्या चकचकीत फरशीवर, ऑर्किडच्या कुंड्यांमध्ये, सगळ्या जगाच्या डोळ्यांदेखत झालं. त्यांनी तेच मनगट धरलं. तेच. आई गुडघ्यांवर आली तरी तिनं पासपोर्ट सोडले नाहीत, पोटाखाली घेतले आणि वर अंग टाकलं. त्यांची लाथ तिच्या बरगडीत बसली, मग दुसरी. तिच्या तोंडातून रक्त आलं आणि फरशीवर पसरलं. मला आठवतं ते एवढंच, की माझ्या हातात सामानाची ट्रॉली होती. मी ती मागे घेतली आणि सगळ्या ताकदीनं त्यांच्या नडग्यांवर घातली. हाडावर लोखंड बसल्याचं मला दांड्यातून हातांत कळलं. ते वळले. मी ती पुन्हा मागे घेतली आणि पुन्हा घातली. ते पडले. मी तिसऱ्यांदाही घातली असती. मकचिकनं मला कमरेतून मागे ओढलं आणि ती बाबांवर मलायत इतकी मोठ्यानं ओरडली की सगळा हॉल थांबला.

पोलीस आले तेव्हा बाबा उठून उभे राहिले होते. शर्ट सारखा करत होते.

"सॉरी, सर. फॅमिली मॅटर."

पोलिसानं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तो आईपाशी खाली बसला. "मॅडम, डू यू वॉन्ट टु ट्रॅव्हल विथ हिम?"

आईनं हातानं तोंड पुसलं. सावकाश, वर्गात शिकवतात तसं एकेक अक्षर उच्चारून ती म्हणाली, "नो. आय वॉन्ट टु ट्रॅव्हल विथ हर." आणि तिनं माझा हात धरला.

मुंबईची तिकिटं मकचिकच्या मुलीनं काढून ठेवली होती. मिठाच्या वाटीची ये-जा चालू असताना त्यांचं सगळं ठरलं होतं. आईच्या बरगडीला पट्टा बांधून, जबाब देऊन आम्ही दुपारच्या विमानात बसलो. करंज्यांचा डबा माझ्या मांडीवर होता. आईला चावता येत नव्हतं. मी आतला बटाटा काढून तिला भरवला.

पुण्यात आई पुन्हा शाळेत लागली. कोर्टकचेऱ्या झाल्या, संपल्या. बाबा पुढे आखातात गेले असं कळलं. मी चौकशी केली नाही. इद्रिसनं आईला एकदा मेल केला होता. आम्ही यायचे होतो त्या शुक्रवारी त्याच्या आईनं चौकात नव्या गाद्या घातल्या होत्या, भाज्यांची वेगळी कुसकुस शिजवली होती, आणि झाकण न उघडता संध्याकाळपर्यंत पातेल्याशेजारी बसून होती. आईनं तो वाचला आणि कितीतरी वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली.

काय काय गेलं सिंगापुरात! माझी शाळा, माझी मैत्रीण शू-एन, टेबलाखाली झोपणारं लंगडं मांजर, पेन्सिलीच्या सालींचा वास, डोक्यावरचा तो जड हात. हो, तोही. पुण्याच्या बोहरी आळीत तांब्या-पितळेची दुकानं आहेत. तिथून जाताना ठोके ऐकू आले की अजून मनात येतं, आपण बरोबर वाटेवर आहोत. आणि त्याच क्षणी पावलं तिथून निघायची घाई करतात. दोन्ही एकदम. एकाला दुसऱ्यापासून वेगळं करता आलं नाही मला कधी.

परवा त्या मजल्यावर मी परत फिरणार होते, तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. मकचिक. केस पांढरे, हातात चौपायी काठी. माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाली, "यू कट युअर हेअर."

तिनं मला आत घेतलं. सरबत दिलं, केक दिला, आईचं सगळं विचारलं. तिच्या मुलीचं लग्न झालंय, ती पुंगोलला असते. खल कोपऱ्यात होता, गुडघ्यांमुळे आता कुटणं होत नाही म्हणाली. मग तिनं मान भिंतीकडे वळवली, आमच्या जुन्या घराच्या.

"दॅट टाइम," ती म्हणाली, "युअर फादर केम बॅक. फ्रॉम पोलीस. ही डोन्ट गो एनीवेअर. होल हॉलिडे, ही इन्साइड."

ते फेझला गेले नव्हते. रजा मंजूर होती, विमान सुटून गेलं होतं. सबंध सुटी ते त्या घरात एकटे होते, खिडक्या लावून. मकचिकला भिंतीतून ऐकू यायचं. रोज. काहीतरी फुटायचं, मग शांत, मग पुन्हा फुटायचं. मारायला घरात दुसरं कुणी नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी तेही थांबलं, आणि तिच्या गेटवर टकटक झाली.

"ही स्टँड देअर," तिनं दाराकडे बोट दाखवलं. "व्हेरी पोलाइट. ही से, मकचिक, कॅन बॉरो वन प्लेट? ऑल ब्रोकन."

मी सरबताचा पेला खाली ठेवला. "तू दिलीस?"

"गिव्ह लाह," ती म्हणाली. "मॅन मस्ट ईट." मग तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बट आय गिव्ह प्लास्टिक."

विमानतळावर परत आल्यावर मी आईला फोन केला. पुण्यात संध्याकाळ होती, ती शाळेतून नुकती आली होती. सगळं सांगितलं. शेवटची गोष्टही. 

"आई?"

मग ती हसायला लागली. मोकळं, खळखळून, दम लागेपर्यंत. मध्येच म्हणाली, "प्लास्टिकची!" आणि पुन्हा हसली. माझ्या विमानाची घोषणा झाली, लोक उठून रांगेत उभे राहिले. मी मात्र फोन कानाशी धरून तिथेच उभी राहिले, आणि या वेळी तिचं हसणं मध्येच तुटलं नाही.